रूट पहिल्यांदा हातात घेताना: बेळगावच्या पावसातला एक गॅमा प्रयोग

मे महिन्यात बेळगावात वळीव कोसळतो तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या पत्र्यावर एवढा आवाज होतो की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. अशाच एका संध्याकाळी गॅमा किरण टिपणाऱ्या सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरवर नुसत्या पार्श्वभूमीची (म्हणजे स्रोत न ठेवता) मोजणी लावून मी घरी गेलो. सकाळी स्पेक्ट्रम (कुठल्या ऊर्जेला किती काउंट याचा आलेख) उघडला तर ६०९ केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) आसपास आदल्या रात्रीपेक्षा जास्त उंच गाठ. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "पाऊस किती वाजता पडला? त्या तासातले काउंट वेगळे काढून दाखव." मला काढता येईनात. यंत्राने रात्रभराची बेरीज तेवढी ठेवली होती. कुठला काउंट कधीचा, याची नोंद कुठेच नव्हती.

पुढच्या वर्षी प्रत्येक घटनेची (डिटेक्टरने टिपलेल्या एकेका किरणाची) वेळ लिहून देणारं यंत्र मिळालं आणि सरांनी सांगितलं, "आता हे रूटमध्ये कर." रूट हे डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर, पण ते कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. खानापूर तालुक्यात दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीत, आणि सी भाषेचं एक सेमिस्टर. एवढ्या शिदोरीवर मी त्या जाडजूड इंग्रजी मॅन्युअलसमोर तीन आठवडे बसलो होतो. ते तीन आठवडे तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

एक सूचना आधीच. आदेशांची नावं मी लॅबमध्ये उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत करायची. रूट मोठ्या-लहान अक्षरांबाबत फार काटेकोर आहे: क्लासच्या (वस्तूच्या प्रकाराच्या) नावातला पहिला 'टी' मोठा आणि त्यापुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षरही मोठं.

१. हे आहे काय, आणि तुम्हाला लागतंय का?

रूट हे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत तयार झालेलं, सी प्लस प्लस भाषेतलं डेटा विश्लेषणाचं साधन. रने ब्रून आणि फोन्स राडेमाकर्स यांनी १९९५ मध्ये त्याचं काम सुरू केलं. त्या वेळी त्यांच्यासमोर एनए४९ या प्रयोगाचा डेटा होता, आणि आधीचं पॉ नावाचं फोरट्रानमधलं साधन त्याला पुरं पडत नव्हतं. आज लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या प्रयोगांचा डेटा याच स्वरूपात साठतो. साधन फुकट आहे आणि मुक्त परवान्याखाली आहे.

'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' या शब्दाला घाबरू नका. सी मध्ये तुम्ही काउंटचा एक अ‍ॅरे करता, चुकांचा (मोजमापातल्या अनिश्चिततेचा) दुसरा, बिनच्या (आलेखातल्या एकेका खान्याच्या) रुंदीसाठी तिसरा, आणि हे सगळं हातात धरून एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे नेत बसता. रूटमध्ये हिस्टोग्राम (काउंटचा स्तंभालेख) ही एकच वस्तू असते. काउंट, बिनच्या कडा, चुका, शीर्षक, सगळं तिच्या पोटात. वर तिला स्वतःचा आलेख काढता येतो, फिट करून (सूत्राची रेघ जुळवून) घेता येतं, फाइलमध्ये जाऊन बसता येतं. स्वतःचं दप्तर स्वतः सांभाळणारी वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

आता खरं सांगतो. तुमच्याकडे १०२४ ओळींचा एकच स्पेक्ट्रम असेल आणि त्यातली तीन शिखरं मोजायची असतील, तर रूट नको. एक्सेल किंवा नूप्लॉटवर दुपारभरात काम होतं. रूट लागतं ते घटना एकेक करून साठवल्यावर. आमचा दोन इंची डिटेक्टर शिशाच्या विटा काढल्यावर सेकंदाला २०० च्या आसपास घटना देतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे ती शीट दीड तासाच्या आतच भरते. आम्ही मोजणी लावतो रात्रभर.

२. बसण्याआधी काय जमवायचं

लॅपटॉप साधा चालतो. ८ जीबी रॅम असली तर बरं, ४ जीबीवरही रडतखडत होतं. डिस्कवर १० जीबी जागा मोकळी ठेवा. इन्स्टॉल करताना मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरवसा ठेवू नका, कॉलेजच्या केबलवर बसा.

कागद मात्र नीट जमवा. लोक नेमके हेच विसरतात.

- डिजिटायझरच्या (घटना आकड्यांत लिहून देणाऱ्या यंत्राच्या) मॅन्युअलमधलं ते एक पान, ज्यावर वेळेचं एकक लिहिलेलं असतं: नॅनोसेकंद की मायक्रोसेकंद. झेरॉक्स काढून वहीत चिकटवा.
- किरणोत्सारी स्रोतांच्या रजिस्टरमधली नोंद: कुठला स्रोत, किती तीव्रतेचा, कुठल्या तारखेचा. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. दहा-अकरा वर्षांपूर्वीची चकती असेल तर तिच्यात चौथा हिस्साच उरलाय. काउंट कमी का, म्हणून मी दोन दिवस यंत्राला दोष देत होतो. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षांचं, तो फारसा दगा देत नाही.
- रन-वही. रन म्हणजे एक सलग मोजणी. हाताने लिहायची. प्रत्येक रनचा क्रमांक, सुरू झाल्याची वेळ, व्होल्टेज, स्रोत, आणि हवा. हो, हवासुद्धा. "सव्वासहाला पाऊस सुरू, सातला थांबला" ही पेनाने लिहिलेली ओळ पुढे माझ्या अख्ख्या प्रोजेक्टचा आधार ठरली.

स्रोत कपाटातून काढणं आणि परत ठेवणं हे सरांच्या किंवा लॅब असिस्टंटच्या देखत. त्यात शहाणपणा नको.

३. इन्स्टॉल

विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू करून त्यात उबुंटू घ्या. मग सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे कोंडा, सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून देणारं साधन. नाव ऐकून हसू येईल, पण भुकेला हाच कोंडा कामी येतो. कोंडा-फोर्ज या साठ्यातून रूटसाठी एक वेगळं एन्व्हायर्नमेंट तयार करा आणि त्यातच इन्स्टॉल करा. आधीपासून असलेल्या पायथनच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये घुसडू नका, आवृत्त्यांची भांडणं लागतात.

सोर्सपासून कंपाइल करायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. तयार बायनरी उतरवली असेल, तर त्यातली 'धिस-रूट' नावाची स्क्रिप्ट प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये चालवावी लागते. "काल चालत होतं, आज रूट सापडत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा त्या एका ओळीची असते.

फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको, देवनागरी अक्षरंही नकोत. मी 'माझा प्रोजेक्ट' असं फोल्डर केलं होतं. मराठीचा अभिमान फोल्डरच्या आत ठेवा.

४. पहिली दहा मिनिटं

टर्मिनलवर रूट म्हटलं की प्रॉम्प्ट येतो. बाहेर पडायचं तर टिंब आणि क्यू. हे आधी शिका, कारण आत गेलेला नवखा बाहेरच येत नाही.

प्रॉम्प्टवर सी प्लस प्लसची ओळ लिहिली की ती तिथल्या तिथे चालते. ही क्लिंगची करामत. रूट ६ पासून तो इंटरप्रिटर आहे आणि क्लँग कंपायलरवर उभा आहे. पण दहा ओळींच्या पुढे गेलात की फाइलमध्ये लिहा. अशा फाइलला मॅक्रो म्हणतात. फाइलचं नाव आणि आतल्या मुख्य फंक्शनचं नाव एकच हवं, नाहीतर टिंब-एक्सने चालवल्यावर रूट 'असं फंक्शन नाही' म्हणून मोकळं होतं.

फाइल उघडून आत काय आहे ते माउसने बघायचं तर 'टीब्राउझर'. सुरुवातीला त्यातच खेळा. विश्लेषण मात्र त्यात करू नका. माउसने काय काय केलं ते महिन्याने आठवत नाही, मॅक्रोत लिहिलेलं राहतं.

५. डेटा झाडावर चढवायचा

या पायरीवर घाई नको. रूटमध्ये घटनांचा साठा म्हणजे 'टीट्री', झाड. त्याला फांद्या असतात, म्हणजे ब्रँच. प्रत्येक फांदी म्हणजे एक रकाना. आमच्या झाडाला दोनच फांद्या: वेळ आणि चॅनेल (घटनेच्या ऊर्जेप्रमाणे यंत्राने दिलेला क्रमांक). एकेका फांदीचा माल एकत्र बांधून ठेवलेला असतो, त्या गाठोड्याला रूट चक्क बास्केट म्हणतं. फायदा असा की नुसता चॅनेल पाहायचा असेल तर वेळेच्या टोपल्यांना हातच लावला जात नाही. आमची एका दिवसाची टेक्स्ट फाइल ३०० एमबीच्या आसपास यायची. झाडावर चढवल्यावर ती ९० वर आली, आणि वाचायला लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर.

टेक्स्ट फाइल थेट झाडावर चढवायला 'रीड-फाइल' नावाची सोय झाडातच आहे. तिला फाइलचं नाव, फांद्यांचं वर्णन आणि रकाने कशाने वेगळे केलेत ते सांगायचं. यंत्राने पहिल्या ओळीत मथळे छापले असतील तर त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका, म्हणजे ती ओळ वगळली जाते.

आता फांदीचं वर्णन. नावापुढे तिरपी रेघ देऊन एक अक्षर लिहायचं, ते प्रकार सांगतं: मोठा 'आय' म्हणजे ३२ बिटचा पूर्णांक, मोठा 'एल' म्हणजे ६४ बिटचा, 'एफ' म्हणजे फ्लोट, 'डी' म्हणजे डबल. मी वेळेला 'आय' दिला. आमचं यंत्र वेळ मायक्रोसेकंदात लिहायचं. ३२ बिटच्या चिन्हांकित पूर्णांकात २१४ कोटींच्या जरा वरपर्यंतच आकडे मावतात, म्हणजे २,१४७ सेकंद, म्हणजे ३५ मिनिटं ४७ सेकंद. त्यानंतर आकडा उलटून ऋण होतो. माझ्या आलेखावर दर रनची पहिली पस्तीस मिनिटं नीट, आणि मग काळ उलटा फिरून शून्याच्या मागे गेलेला. शेजारच्या टेबलावरचा मित्र वाकून बघत म्हणाला, "अरे, काय करूलायस? तुझं घड्याळ मागं जाऊलाय की!"

मग मी शहाणपणा करून 'एफ' केलं आणि वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत बदलून घेतली. घड्याळ मागे जायचं थांबलं, पण आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसायला लागला. फ्लोटमध्ये साधारण सातच अंक टिकतात. १७० कोटींच्या घरातल्या सेकंदांना त्यात १२८ सेकंदांची पायरी पडते. दोन मिनिटांतल्या सगळ्या घटना एकाच क्षणी घडल्यासारख्या. सरळ ६४ बिटचा पूर्णांक वापरा, आणि यंत्राने दिलेला आकडा आहे तसा ठेवा. सेकंद, तास, केईव्ही हे सगळं नंतर काढता येतं.

आता सगळ्यात महागडी चूक. रूटची फाइल उघडताना कशासाठी उघडतोय ते सांगायचं असतं. 'रीड' म्हणजे वाचायला, 'अपडेट' म्हणजे भर घालायला, आणि 'रीक्रिएट' म्हणजे असलेली फाइल पुसून त्याच नावाची नवी. माझ्या एका मॅक्रोत मूळ डेटाचं नाव आणि 'रीक्रिएट' एकाच ओळीत आले. एंटर दाबलं आणि अख्ख्या रात्रीचा डेटा शून्य. 'खात्री आहे का' असं रूट विचारत नाही. म्हणून मूळ टेक्स्ट फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यांचा लिहिण्याचा परवाना काढून टाका, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर. बऱ्याच फाइली एकत्र करणाऱ्या 'एच-अ‍ॅड' आदेशातही हाच खड्डा आहे. त्यात पहिलं नाव तयार होणाऱ्या फाइलचं असतं. सोबत एफ-पर्याय दिला आणि पहिल्या जागी चुकून जुनी फाइल आली, की ती गेली.

झाड भरून झालं की 'राइट' आणि मग फाइल 'क्लोज'. 'राइट' विसरलात तर फाइल तयार होते, पण झाड पुढच्या खेपेला सापडत नाही.

६. हिस्टोग्राम आणि कंगवा

झाडावरून हिस्टोग्राम काढायला एक ओळ पुरते. झाडाला 'ड्रॉ' म्हणायचं, फांदीचं नाव द्यायचं, दोनदा 'पेक्षा मोठं' चिन्ह, मग हिस्टोग्रामचं नाव आणि कंसात बिनची संख्या, सुरुवात, शेवट. दुसऱ्या जागी अट लिहिता येते, उदाहरणार्थ वेळ इतक्याच्या पुढची.

बिन किती घ्यायचे? मी हजार घेतले, आकडा गोल म्हणून. यंत्राचे चॅनेल ० ते १०२३. मग एका बिनची रुंदी १.०२४ आणि बहुतेक बिनमध्ये एक चॅनेल, पण २४ बिनमध्ये दोन-दोन. आलेखावर ठरावीक अंतराने दुप्पट उंचीचे २४ काटे उभे, अगदी कंगव्याच्या दातांसारखे. मी त्यांत मूलद्रव्यं शोधत होतो! १०२४ बिन, ० ते १०२४, एवढं केलं की कंगवा नाहीसा. चॅनेलचं केईव्हीत रूपांतर करून बिन बदलले की तो पुन्हा डोकं वर काढतो. तेव्हा रूपांतराच्या आधी प्रत्येक चॅनेलमध्ये ० ते १ मधला एक यादृच्छिक आकडा मिळवायचा. ही लबाडी नाही. यंत्राने पूर्णांक करताना जे कापलं, ते सारखं पसरून देणं एवढंच.

मोजणीचा एक बारकावा: रूटमध्ये पहिला बिन क्रमांक १ चा. क्रमांक ० मध्ये डावीकडे सांडलेले काउंट असतात आणि शेवटच्याच्या पुढच्या बिनमध्ये उजवीकडे सांडलेले. सी मधली शून्यापासून मोजायची सवय इथे एका बिनने चुकवते.

७. उतारा कुणाच्या नावावर?

रूटमध्ये नवख्यांची निम्मी रडारड या एका गोष्टीपायी असते, आणि आपल्या भागात ती समजावायला सोपी आहे. फाइल उघडी असताना तुम्ही हिस्टोग्राम तयार केला की त्याचा उतारा त्या फाइलच्या नावावर चढतो. फाइल बंद केली की तिच्या नावावरची सगळी मालमत्ता तिच्याबरोबर जाते. मग तुम्ही फंक्शनमध्ये फाइल उघडता, हिस्टोग्राम भरता, काढता, शिस्तीत फाइल बंद करता, आणि कॅनव्हास (आलेखाची खिडकी) कोरा. किंवा पुढच्या ओळीत त्याच हिस्टोग्रामला हात लावला म्हणून प्रोग्रॅम कोसळतो आणि पडद्यावर दोन पानं भरून न कळणाऱ्या ओळी येतात.

उपाय म्हणजे फाइलचं नाव कमी करणं. हिस्टोग्रामला 'सेट-डिरेक्टरी' म्हणून शून्य द्यायचं. मग तो कुणाच्याच नावावर राहत नाही, तुमच्या हाती राहतो. मिटवायची जबाबदारीही तुमची. झाडाचं मात्र तसं करू नका. झाड फाइलमधूनच वाचलं जातं, ते वापरात असेपर्यंत फाइल उघडी हवी.

कॅनव्हासचंही असंच. फंक्शनच्या आत साधा व्हेरिएबल म्हणून केला तर फंक्शन संपताच खिडकी लुकलुकून गायब. 'न्यू' लावून करा, टिकतो.

८. शिखराला फिट आणि कॅलिब्रेशन

सीझियमचं शिखर ६६२ केईव्हीला, कोबाल्टची ११७३ आणि १३३२ ला. तीन बिंदू मिळतात, सरळ रेषेला पुरतात. ती रेषा चॅनेलवरून केईव्ही सांगते, हेच कॅलिब्रेशन.

नुसतं 'गॉस' (घंटेच्या आकाराचं सूत्र) फिट करू नका. शिखर उतारावर उभं असतं, म्हणून गॉस अधिक सरळ रेषा घ्या. रूटच्या भाषेत 'गॉस, कंसात ०' अधिक 'पोल-वन, कंसात ३'. कंसातले आकडे म्हणजे प्राचलांची मोजणी कुठून सुरू होते ते: ०, १, २ गॉसचे (उंची, मध्य, आणि सिग्मा म्हणजे रुंदीचं माप) आणि ३, ४ रेषेचे. एकटा गॉस असेल तर सुरुवातीचे अंदाज रूट स्वतः लावतं. जोडफंक्शनला तुम्ही द्यावे लागतात. ते न देता फिट केलं की रेघ आडवी पडते आणि मुलं म्हणतात रूट बिघडलंय. शिखराची उंची आणि जागा डोळ्यांनी बघून लिहा, सिग्मा दहाच्या आसपास द्या. मर्यादा पाळायला फिटला मोठ्या 'आर'चा पर्याय द्यायचा, नाहीतर फंक्शनला दिलेली हद्द सोडून ते अख्ख्या स्पेक्ट्रमवर धावतं.

काउंट कमी असतील, बरेच बिन रिकामे असतील, तर मोठ्या 'एल'चा पर्याय द्या. नेहमीचा काय-वर्ग (काय-स्क्वेअर) फिट रिकामे बिन सोडून देतो आणि त्यामुळे उत्तर झुकतं. सिग्मा कधी ऋण आला तर दचकू नका, सूत्रात त्याचा वर्ग असतो. ऋण चिन्ह सोडून द्या.

माझे मध्य ३१८, ५६६ आणि ६४३ चॅनेलला आले. त्यावरून एका चॅनेलला २.०६ केईव्ही आणि सुरुवात ७ केईव्हीपासून. सीझियमचा सिग्मा १०.२ चॅनेल, त्याला २.३५५ ने गुणलं की निम्म्या उंचीवरची रुंदी २४ चॅनेल, म्हणजे सुमारे ४९.५ केईव्ही. ६६२ ने भागा: साडेसात टक्के. सोडियम आयोडाइडला एवढं विभेदन (रिझोल्यूशन) म्हणजे स्फटिक ठीक आहे. तुमचं बारा-तेरा आलं तर आधी फोटोमल्टिप्लायरची (स्फटिकातल्या प्रकाशाचा विद्युत संकेत करणाऱ्या नळीची) जोडणी बघा, फिट नंतर.

कॅलिब्रेशन खरं की खोटं हे तपासायला चौथा बिंदू फुकट मिळतो. भिंतीत, मातीत, आपल्या अंगातही पोटॅशियम-४० असतं, त्याची रेषा १४६१ केईव्हीला. माझ्या रेषेप्रमाणे ती ७०६ चॅनेलला यायला हवी होती, आणि आली. ही रेषा लक्षात ठेवा, पुढच्या पायरीला लागणार आहे.

पायथन येणाऱ्यांसाठी एवढंच: पायरूटमधून हे सगळं पायथनमध्ये करता येतं, आणि नुसतं झाड वाचायचं असेल तर अपरूट नावाचं पॅकेज रूट इन्स्टॉल न करताही वाचतं. मी स्वतः झाड सी प्लस प्लसमध्ये भरतो आणि आलेख पायथनमध्ये काढतो. सर दोन्हीला नावं ठेवतात.

९. पाऊस शोधणं

जमिनीतून, खडकांतून रेडॉन वायू हवेत येतो. त्याचे वंशज (त्याच्या ऱ्हासातून तयार होणारे अणू), शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, हवेतल्या धुळीला चिकटून राहतात. पाऊस ती धूळ धुऊन जमिनीवर आणि आमच्या पत्र्यावर आणतो. बिस्मथची ठळक रेषा ६०९ केईव्हीला. शिशाचं अर्धायुष्य सुमारे २७ मिनिटं, बिस्मथचं सुमारे २०. म्हणून पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत सगळं जागेवर येतं. सततच्या जुलैच्या झडीत हे उठून दिसत नाही. कोरड्या दिवसांनंतरचा वळीव यासाठी उत्तम.

आधी ५६० ते ६६० केईव्हीमधल्या घटना निवडा आणि त्यांच्या वेळेचा हिस्टोग्राम काढा, पाच मिनिटांचा एक बिन. त्या रात्री कोरड्या वेळी बिनमागे २,४०० च्या आसपास काउंट होते आणि पावसानंतर २,८०० च्या वर. २,४०० चं वर्गमूळ ४९. चारशेचा फरक त्याच्या आठपट, म्हणजे योगायोग नव्हे.

वेळेचा अक्ष तारखांत दाखवायची सोय रूटमध्ये आहे, पण तिचा शून्य-क्षण १९७० चा नसून १ जानेवारी १९९५ चा धरलेला असतो. १९७० पासूनचे सेकंद दिले आणि 'सेट-टाइम-ऑफसेट' म्हणून शून्य सांगायला विसरलात, की २०२४ चा पाऊस २०४९ मध्ये पडतो. माझा तसाच पडला होता आणि मी तो आलेख छापूनही आणला होता. तासांबाबतही सांभाळा: अक्ष ग्रीनिच वेळेत असेल तर संध्याकाळचा सव्वासहाचा पाऊस पावणेएकला दिसतो, साडेपाच तास आधी.

आणि आता सरांनी मला विचारलेला दुसरा प्रश्न, जो तुम्हालाही विचारला जाईल: "हा पावसाचा परिणाम कशावरून? पावसाने हवा गार झाली, फोटोमल्टिप्लायरचा गेन (संकेत वाढवायचं प्रमाण) बदलला आणि शेजारचे काउंट तुझ्या खिडकीत सरकले असतील तर?" याला तोंडी उत्तर नाही, आलेख हवा. रात्रीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात पोटॅशियमच्या शिखराला फिट करा आणि मध्य वेळेसमोर मांडा. माझा मध्य पावसानंतर ७०६ वरून ७०९ पर्यंत सरकला होता. थोडा, पण सरकला होता. मग प्रत्येक तुकड्याला त्याच्या त्याच्या मध्यावरून नवं कॅलिब्रेशन लावून ५६० ते ६६० ची निवड पुन्हा केली. उंचवटा थोडा खाली बसला, पण गेला नाही. घटना एकेक साठवल्या होत्या म्हणून हे जमलं. नुसते हिस्टोग्राम असते तर तिथेच थांबावं लागलं असतं.

शेवटी पावसाच्या दोन तासांच्या स्पेक्ट्रममधून कोरड्या रात्रीचा वजा करायचा. दोन्ही रनचा कालावधी वेगळा, म्हणून आधी कोरड्या स्पेक्ट्रमला 'स्केल' करा: दोन तास भागिले त्या रनचे तास. आणि दोन्ही हिस्टोग्राम तयार केल्याकेल्या, भरायच्या आधी, 'सम-डब्ल्यू-टू' म्हणा, म्हणजे प्रत्येक बिनची चूक वेगळी सांभाळली जाते. वजाबाकीनंतर उरलेल्या काउंटचं वर्गमूळ ही चूक नव्हे. वजाबाकीत उत्तर लहान होतं आणि चूक मोठी. ३५२ केईव्हीपाशी शिशाचं आणि ६०९ पाशी बिस्मथचं अशी दोन्ही शिखरं दिसली तर चूक-रेषांसह काढा आणि फाइलच्या नावात रन क्रमांक घाला. फक्त ६०९ च दिसलं, ३५२ नाही, तर आठव्या पायरीवर परत जा, कॅलिब्रेशन तपासा आणि कोरड्या रनच्या तारखेला खरंच पाऊस नव्हता ना, ते रन-वहीत बघा.